मज्जातंतूंचे स्वरूप : आद्य संशोधन आणि संशोधक

पायाच्या अंगठ्यास काटा टोचला असता त्याची वेदना मेंदूपर्यंत कशी पोहोचते, आणि पाय मागे घेण्याची आज्ञा मेंदूकडून अथवा मेरुरज्जूकडून स्नायूपर्यंत कशी जाते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. या दोन्ही कामी शरीरभर पसरलेले पांढरे दोरे उपयोगी पडतात, एवढे ज्ञान प्राचीन ग्रीकांनाही होते. तथापि हा दोरा वस्तुतः आहे तरी काय, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होता. प्रथम तो पोकळ नळी मानला गेला, नंतर तो विजेच्या तारेसारखा आहे असे वाटू लागले, आणि अखेरीस तो एका सजीव पेशीचीच लांब शाखा होय असे सिद्ध झाले. यांपैकी प्रत्येक मत कोणत्या पुराव्यावर उभे राहिले आणि कोणत्या पुराव्याने ढासळले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘मज्जातंतू’ हा शब्द उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या संपूर्ण दोऱ्यासही लावला जातो आणि त्या दोऱ्यातील एकेका अतिसूक्ष्म धाग्यासही लावला जातो. प्रस्तुत विषयात हा भेद फार महत्त्वाचा आहे. म्हणून संपूर्ण दोऱ्यास येथे ‘चेता’ म्हटले असून ‘मज्जातंतू’ हा शब्द केवळ त्यातील एकेका धाग्यासाठी योजिला आहे. एका चेतेत असे हजारो मज्जातंतू एकत्र बांधलेले असतात.

१. पोकळ नळीची कल्पना

ग्रीक भाषेतील ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ स्नायुबंध अथवा धनुष्याची दोरी असा आहे. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि मेंदूपासून निघणारी चेता यांत प्रारंभी भेद केला जात नसे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरोफिलस व एरासिस्ट्राटस यांनी शवविच्छेदनाच्या आधारे हा भेद स्पष्ट केला. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन याने जिवंत डुकरावर एक प्रसिद्ध प्रयोग करून दाखविला. स्वरयंत्राकडे जाणारी चेता बांधली वा तोडली की ओरडणाऱ्या डुकराचा आवाज तत्क्षणी बंद पडे. स्वराचे नियंत्रण हृदयाकडे नसून मेंदूकडे आहे, हे या प्रयोगाने दिसून आले. मेंदूत तयार होणारे एक सूक्ष्म प्राणतत्त्व चेतांच्या मार्गे अवयवांपर्यंत जाते, असे गॅलेनचे मत होते, आणि पुढील सुमारे दीड हजार वर्षे ते प्रमाण मानले गेले.

सतराव्या शतकात देकार्त याने या मतास यांत्रिक रूप दिले. १६६२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या मनुष्यशरीरविषयक ग्रंथात त्याने चेता ही नळी असून तिच्यातून प्राणतत्त्व वाहते आणि ते स्नायूत शिरले म्हणजे स्नायू फुगून आखूड होतो, असे प्रतिपादन केले. या मताचा मोठा गुण असा की, त्याची परीक्षा करणे शक्य होते. स्नायू बाहेरून आलेल्या द्रव्याने फुगत असेल तर आकुंचनाच्या वेळी त्याचे आकारमान वाढलेच पाहिजे.

ही परीक्षा डच निसर्गशास्त्रज्ञ यान स्वामरडाम याने केली. बेडकाचा स्नायू त्याच्या चेतेसह काचेच्या बंद पात्रात ठेवून त्याने त्या पात्रास एक बारीक नळी जोडली व नळीत पाण्याचा एक थेंब ठेवला. स्नायूचे आकारमान वाढले तर थेंब वर सरकला पाहिजे. चेतेला बाहेरून चिमटा दिला, स्नायू आकुंचन पावला, परंतु थेंब वर चढला नाही. इतक्या साध्या उपकरणाने हजारो वर्षांच्या मताला तडा गेला. मात्र स्वामरडाम १६८० मध्ये मरण पावला आणि त्याचे हे लेखन बोअरहाव्ह या वैद्याच्या खटपटीने १७३७–३८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान त्याचाच देशबांधव लेव्हेनहुक याने १६७४ मध्ये गाईच्या दृष्टिचेतेचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात पोकळी आढळत नाही असे नमूद केले. नळीचे मत यामुळे लगेच नाहीसे झाले नाही, कारण त्याच्या जागी बसविण्याजोगे दुसरे मत अद्याप कोणापाशी नव्हते.

२. वीज आणि चेता

ते दुसरे मत बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी याच्या प्रयोगांतून पुढे आले. बेडकाच्या पायाची चेता आणि स्नायू यांना दोन भिन्न धातूंच्या जोडाने स्पर्श केला असता पाय झटका देतो, हे त्याने पाहिले व १७९१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. प्राण्याच्या शरीरातच वीज साठलेली असते आणि धातू केवळ तिला वाट करून देतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पाव्हिया येथील आलेस्सांद्रो व्होल्टा याने यावर आक्षेप घेतला. त्याच्या मते वीज दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून निर्माण होते व बेडकाचा पाय हा तिचे अस्तित्व दर्शविणारे एक नाजूक साधन मात्र आहे. या आक्षेपास उत्तर म्हणून १७९४ मध्ये धातूचा मुळीच उपयोग न करता, चेतेचे टोक स्नायूला लावून, आकुंचन घडवून आणण्यात आले. दुसरीकडे व्होल्टाने आपल्या मताचा पाठपुरावा करीत १८०० मध्ये विद्युत्‌घटमाला सिद्ध केली.

या वादाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दोन्ही पक्ष ज्याचे प्रतिपादन करीत होते ते बरोबर होते आणि ज्याचा निषेध करीत होते त्यात चुकत होते. भिन्न धातूंच्या योगे वीज उत्पन्न होते, हेही खरे आणि प्राण्याच्या ऊतकांत स्वतःची वीज असते, हेही खरे. परंतु विद्युत्‌घटमालेच्या प्रत्यक्ष यशापुढे गॅल्व्हानीचा पक्ष मागे पडला व प्राणिज विजेचा विषय जवळजवळ चाळीस वर्षे उपेक्षित राहिला.

त्याचे पुनरुज्जीवन इटलीत कार्लो मात्तेउच्ची याने आणि बर्लिन येथे एमिल द्यु ब्वा-रेमाँ याने केले. द्यु ब्वा-रेमाँ याने हजारो वेढे असलेला अतिसंवेदनक्षम विद्युत्‌प्रवाहमापक तयार केला. त्याच्या साहाय्याने विश्रांत अवस्थेतील चेतेचे अखंड पृष्ठ आणि तिचे कापलेले टोक यांत विद्युत्‌भेद असतो, आणि चेता उत्तेजित झाली की हा भेद क्षणभर घटतो, असे त्याने दाखविले. या घटीस त्याने ‘ऋण बदल’ असे नाव दिले. १८४८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या ग्रंथात हे प्रयोग सविस्तर आले आहेत. चेतेतून जाणाऱ्या संदेशाचे पहिले भौतिक चिन्ह यामुळे हाती आले.

३. संदेशाचा वेग

चेतेतील संदेश जर वीज असेल तर तो तारेतील विजेप्रमाणे जवळजवळ तत्काळ पोहोचला पाहिजे. बर्लिनमधील शरीरक्रियाविज्ञानाचा थोर आचार्य योहान्नेस म्यूलर याचेही मत असेच होते. शरीरातील अंतरे इतकी लहान व संदेशाचा वेग इतका प्रचंड, की तो मोजण्याचे साधन मनुष्याला बहुधा कधीच मिळणार नाही, असे त्याने आपल्या पाठ्यग्रंथात लिहून ठेविले होते. प्रकाशाचा वेग मोजण्यास ग्रहांमधील अंतरे उपलब्ध आहेत, चेतेच्या बाबतीत तसे काही नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

त्यानंतर फार वर्षे लोटली नाहीत तोच म्यूलरच्याच एका शिष्याने हा वेग मोजला. हेर्मान हेल्महोल्ट्झ हा १८४९ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाला आणि त्याच वर्षी त्याने हे काम हाती घेतले. वेळ मोजण्याची युक्ती त्याने पूइये या फ्रेंच भौतिकीविदाकडून घेतली. पूइयेने तोफगोळ्यांसारख्या वेगवान वस्तूंसाठी ती सुचविली होती. युक्ती अशी : विद्युत्‌प्रवाह अत्यल्प काळच वाहिला तर प्रवाहमापकाची सुई जितकी विचलित होते, त्यावरून प्रवाह किती काळ वाहिला हे काढता येते. हेल्महोल्ट्झने अशी योजना केली की, चेतेला विजेचा धक्का बसताच त्याच क्षणी मोजणीचा प्रवाह सुरू व्हावा आणि स्नायू आकुंचन पावून वजन उचलू लागताच तो प्रवाह तुटावा. अर्थात सुईचे विचलन म्हणजे धक्का व आकुंचन यांमधील काळ होय.

परंतु या काळात संदेशाच्या प्रवासाखेरीज स्नायूने कार्य सुरू करण्यास घेतलेला वेळही समाविष्ट असतो. तो वगळण्यासाठी हेल्महोल्ट्झने चेतेला प्रथम स्नायूजवळ आणि नंतर स्नायूपासून दूर अशा दोन ठिकाणी धक्का दिला. स्नायूचा स्वतःचा वेळ दोन्ही वेळा सारखाच राहणार, म्हणून दोन मोजणींतील फरक हा केवळ त्या दोन ठिकाणांमधील अंतर कापण्यास लागलेला वेळ ठरतो. बेडकाच्या चेतेवरील ५० ते ६० मिलिमीटर अंतरासाठी हा फरक ०.००१४ ते ०.००२० सेकंद भरला. ६० मिलिमीटर अंतर ०.००२० सेकंदात कापले असे धरल्यास वेग सेकंदाला ३० मीटर येतो, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाच्या एकदशांशाहूनही कमी. या प्रयोगांच्या नोंदी ठेवण्याच्या कामी हेल्महोल्ट्झची पत्नी ओल्गा हिचे साहाय्य होते.

या निष्कर्षावर विश्वास ठेवणे समकालीनांना जड गेले. मनाची इच्छा आणि शरीराची हालचाल या एकाच घटनेच्या दोन बाजू होत, असे मानणाऱ्यांना त्यांच्यामध्ये मोजता येण्याजोगा काळ जातो ही गोष्ट रुचण्यासारखी नव्हती. हेल्महोल्ट्झच्या वडिलांनीही पत्रातून अशीच शंका बोलून दाखविली होती. ज्या गोष्टीस म्यूलरने अशक्य म्हटले होते तिचे मोजमाप सांगणारा शिष्याचा निबंध १८५० मध्ये म्यूलरच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या शोधाचे दोन परिणाम झाले. चेता म्हणजे निव्वळ तार नव्हे, तिच्यातून जाणारी वीज तिच्या स्वतःच्या मंद अशा सजीव क्रियेवर अवलंबून असली पाहिजे, हा पहिला परिणाम. मनाच्या व्यापारांनाही काळ लागतो आणि तो मोजता येतो, ही कल्पना रुजली, हा दुसरा. १८६८ मध्ये डच शास्त्रज्ञ डोंडर्स याने निवड करण्यास लागणारा वेळ मोजला आणि प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घातला गेला तो याच मार्गाने. त्याच वर्षी हेल्महोल्ट्झचा सहकारी युलिउस बेर्नश्टाइन याने द्यु ब्वा-रेमाँचा ‘ऋण बदल’ चेतेवरून कोणत्या वेगाने सरकतो हे मोजले. तो वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे हेल्महोल्ट्झच्या मोजणीशी जुळणारा निघाला. विद्युत्‌बदल आणि संदेश ही एकाच घटनेची दोन नावे आहेत, याला यामुळे भक्कम आधार मिळाला.

४. सूक्ष्मदर्शकाखालील तंतू

भौतिक पद्धतींनी संदेशाचा मागोवा घेतला जात असताना तंतूच्या रचनेचे ज्ञान दुसऱ्या वाटेने वाढत होते. १७८१ मध्ये फेलिचे फोंताना याने सर्पविषावरील आपल्या ग्रंथात चेतेचे सुईने पिंजलेले सूक्ष्म धागे वर्णिले होते. परंतु अठराव्या शतकातील भिंगांत प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटत आणि त्या कडांमुळे नसलेले गोलक व पट्टे दिसत. १८३० च्या सुमारास हा दोष काढून टाकलेली भिंगे उपलब्ध झाली, तेव्हाच या अभ्यासास खरी गती आली.

१८३८ मध्ये बर्लिन येथे रोबेर्ट रेमाक या तरुणाने आपल्या प्रबंधात दाखविले की, मज्जातंतूच्या चकचकीत वेष्टनाच्या आत एक सपाट पट्टा अखंड जात असतो. याच पट्ट्याला पुढे पुर्किन्ये याने योजिलेले ‘अक्षदंड’ हे नाव रूढ झाले. अंतर्गत इंद्रियांकडे जाणाऱ्या काही तंतूंना चकचकीत वेष्टन नसतेच, आणि हे तंतू मज्जापेशींपासून निघतात, हेही रेमाकनेच प्रथम सांगितले. ‘निघतात’ या शब्दाचे महत्त्व येथे मोठे आहे. त्याकाळी मज्जापेशी आणि मज्जातंतू हे शेजारी शेजारी असणारे दोन स्वतंत्र घटक मानले जात. रेमाकचे विधान खरे मानले तर तंतू हा पेशीचाच भाग ठरत होता.

या विधानाला योग्य तो मान मिळण्यास फार वेळ लागला, आणि त्याला केवळ शास्त्रीय कारणे नव्हती. रेमाक हा ज्यू होता आणि प्रशियात धर्मांतर केल्यावाचून ज्यूंना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळत नसे. धर्मांतरास त्याने नकार दिला. कित्येक वर्षे तो म्यूलरच्या प्रयोगशाळेत वेतनावाचून काम करीत राहिला. १८४७ मध्ये राजाच्या विशेष अनुमतीने त्याला अध्यापनाचा अधिकार मिळाला आणि १८५९ मध्ये तो साहाय्यक प्राध्यापक झाला, परंतु पूर्ण प्राध्यापकपद त्याच्या वाट्यास कधीच आले नाही. १८६५ मध्ये तो निवर्तला.

१८३९ मध्ये थिओडोर श्वान याने आपल्या पेशीसिद्धान्ताच्या ग्रंथात तंतूच्या वेष्टनातील पेशींचे वर्णन केले. त्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. मात्र पेशींची एक माळ परस्परांत विलीन होऊन तंतू तयार होतो, असे श्वानचे मत होते, व ते रेमाकच्या विरुद्ध जाणारे होते. या दोहोंपैकी खरे कोणते, याचा निर्णय नुसत्या निरीक्षणाने होणे कठीण होते. त्यासाठी वेगळ्या प्रकारची साक्ष हवी होती.

५. तोडलेल्या चेतेची साक्ष

ती साक्ष ऑगस्टस वॉलर या इंग्लिश वैद्याने मिळविली. लंडनच्या केन्सिंग्टन भागात वैद्यकी करणाऱ्या वॉलरने बेडकाची जीभ प्रयोगासाठी निवडली. ती पातळ व पारदर्शक असल्याने तीतील तंतू जिवंत प्राण्यातच पाहता येतात. जिभेकडे जाणाऱ्या चेता त्याने तोडल्या आणि दिवसामागून दिवस तंतूंचे निरीक्षण केले. तोडीच्या पलीकडील, म्हणजे मेंदूपासून विलग झालेल्या भागातील तंतूंचे वेष्टन काही दिवसांत फाटू लागले, त्याचे तुकडे झाले आणि शेवटी ते तंतू नष्ट झाले. तोडीच्या अलीकडील भाग मात्र जसाच्या तसा राहिला. हा निबंध १८५० मध्ये प्रसिद्ध झाला.

यानंतर वॉलरने मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांची मुळे तोडून पाहिली. चार्ल्स बेल व माझांदी यांच्या कार्यामुळे पुढील मुळे हालचालीची व मागील मुळे संवेदनेची असतात, हे आधीच ज्ञात होते. मागील मुळावर मेरुरज्जूच्या जवळच मज्जापेशींचा एक पुंजका असतो. पुंजका व मेरुरज्जू यांच्या मध्ये मूळ तोडले असता मेरुरज्जूकडील तंतू नष्ट झाले आणि पुंजक्याशी जोडलेले तंतू टिकले. पुढील मूळ तोडले असता उलट मेरुरज्जूशी जोडलेला भाग टिकला व बाहेरचा नष्ट झाला. दोन्ही प्रयोगांतून एकच नियम निघतो : तंतूचा जो भाग मज्जापेशीशी जोडलेला आहे तो जगतो, जो तुटला तो मरतो. तंतूचे पोषण पेशीकडून होते, असे वॉलरने म्हटले.

या प्रयोगांनी संशोधकांच्या हाती एक नवे साधनही दिले. कोणत्याही तंतूचा मार्ग पाहावयाचा असल्यास तो एका जागी तोडावा आणि कोठपर्यंतचे तंतू नष्ट झाले हे पाहावे. मेंदू व मेरुरज्जू यांतील मार्गांचे पुढील कित्येक दशकांतील नकाशे या पद्धतीवर आधारलेले आहेत.

वेष्टनाचा अभ्यास याच काळात पुढे गेला. १८५४ मध्ये फिर्खो याने वेष्टनातील स्निग्ध द्रव्यास ‘मायेलिन’ हे नाव दिले. १८७१ च्या सुमारास पॅरिस येथे लुई रांव्हिए याला असे आढळले की, हे वेष्टन सलग नसून ठराविक अंतरावर खंडित झालेले असते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तंतू ठेवला असता या खंडांच्या जागी लहान काळे क्रूस उमटत, कारण तेथेच ते द्रावण आत शिरू शके. त्यावरून पोषक द्रव्ये याच मार्गे अक्षदंडापर्यंत पोहोचत असावीत, असा त्याने तर्क केला. या खंडांचा संदेशवहनाशी संबंध आहे हे कळण्यास आणखी सुमारे सत्तर वर्षे लागली. १९३९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इचिजी तासाकी याने आणि १९४९ मध्ये हक्स्ली व श्टेम्प्फ्ली यांनी दाखवून दिले की, विद्युत्‌क्रिया तंतूवरून सलग न जाता एका खंडावरून पुढील खंडावर उडी घेत जाते. वेष्टनयुक्त तंतूचा वेग अधिक असतो, त्याचे रहस्य यातच आहे.

६. जाळे की स्वतंत्र पेशी?

बाहेरच्या चेतांविषयी इतकी माहिती मिळाली तरी मेंदूतील स्थिती अंधारातच होती. १८६५ मध्ये ओटो डाइटर्स याचा ग्रंथ त्याच्या अकाली मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. मज्जापेशीला अनेक फाटे फुटणाऱ्या शाखा असतात आणि त्यांहून निराळा एकच अक्षदंड असतो, हे त्याने एकेक पेशी सुईने विलग करून दाखविले. परंतु शाखांची टोके कोठे जातात, हे त्याला दिसू शकले नाही. योझेफ फोन गेर्लाख याने सुचविले की, ती टोके परस्परांत मिसळून एक अखंड जाळे बनते. आणि सर्व काही एकाच वेळी रंगविणाऱ्या तत्कालीन रंजकांखाली मेंदू खरोखरच एखाद्या गुंतागुंतीच्या जाळ्यासारखा दिसे.

१८७३ मध्ये कामिल्लो गॉल्जी याने एक नवी पद्धती प्रसिद्ध केली. मिलानजवळील आब्बियातेग्रास्सो येथे दीर्घरोग्यांच्या रुग्णालयात तो काम करीत होता. तेथे त्याने मेंदूचे तुकडे प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण करून नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेविले. परिणाम विलक्षण झाला. हजारो पेशींपैकी अगदी थोड्या, परंतु त्या मात्र आपल्या सर्व शाखांसह, पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या उठून दिसल्या. ठराविक थोड्याच पेशी का रंगतात, याचा पूर्ण उलगडा अद्यापि झालेला नाही. पण पद्धतीची शक्ती याच अपूर्णतेत होती, कारण सर्व पेशी रंगल्या असत्या तर काळ्या पटापलीकडे काहीच दिसले नसते. गॉल्जीने स्वतः मात्र या पद्धतीने जे पाहिले त्याचा अर्थ जाळ्याच्या मतास अनुकूल असाच लावला. अक्षदंडांच्या उपशाखा एकत्र मिळून जाळे बनते, असे तो मानीत असे.

ही पद्धती सुमारे चौदा वर्षे फारशी कोणाच्या वापरात नव्हती. १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो या वैद्याकडे सांतियागो रामोन इ काखाल याने तिचे नमुने पाहिले. काखालला लहानपणापासून चित्रकार व्हावयाचे होते, परंतु वैद्यक व्यवसायातील वडिलांच्या आग्रहाने तो शरीररचनाशास्त्राकडे वळला होता. बार्सेलोना येथे प्राध्यापक झाल्यावर त्याने गॉल्जीच्या पद्धतीत दोन सुधारणा केल्या. एक, सिल्व्हर नायट्रेटचा संस्कार त्याने दोनदा केला. दुसरी अधिक मूलगामी होती. मायेलिनचे वेष्टन असलेल्या तंतूंवर चांदीचा परिणाम नीट होत नाही, हे पाहून त्याने प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व नवजात प्राणी निवडले. त्यांच्यात वेष्टन अद्याप तयार झालेले नसते आणि तंतूंची दाटीही कमी असते.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावरील त्याचा पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो ज्या नियतकालिकात आला ते काखालने स्वतःच्या खर्चाने सुरू केलेले होते. त्याने दाखविले की, अक्षदंडांच्या शाखा इतर पेशींभोवती वेटोळी वा टोपल्या करून संपतात, त्या पेशींत मिसळत नाहीत. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असून संदेश एका पेशीकडून दुसरीकडे स्पर्शाने जातो. तंतूच्या विकासाचा अभ्यास करणारा विल्हेल्म हिस आणि पेशींच्या ऱ्हासाचा अभ्यास करणारा ऑग्यूस्त फोरेल हेही याच सुमारास वेगवेगळ्या मार्गांनी अशाच निष्कर्षाकडे आले होते. तीन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणे हे या सिद्धान्ताचे मोठे बळ होय.

स्पॅनिश भाषेतील निबंध युरोपात फारसे कोणी वाचीत नसे. म्हणून १८८९ च्या ऑक्टोबरात काखाल आपले नमुने घेऊन बर्लिन येथील जर्मन शरीररचनाशास्त्र परिषदेस गेला आणि जमलेल्या विद्वानांना त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास लाविले. ऊतकविज्ञानातील त्या काळचा सर्वमान्य अधिकारी आल्बेर्ट क्योलिकर याने ते पाहिले. त्यावेळी तो ७२ वर्षांचा होता आणि जाळ्याच्या मताचा अनुयायी होता. पुराव्यासमोर त्याने आपले मत बदलले आणि तो काखालचा खंदा पुरस्कर्ता झाला. १८९१ मध्ये वाल्डायर याने या सर्व संशोधनाचा समग्र परामर्श घेऊन स्वतंत्र मज्जापेशीस ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. एकेकाळी कंडरेस लावला जाणारा ग्रीक शब्द अशा रीतीने नव्या अर्थाने शास्त्रात स्थिरावला. ‘ॲक्सॉन’ हे नाव १८९६ मध्ये क्योलिकरने दिले, आणि पेशी जेथे परस्परांस भेटतात त्या स्थानास ‘सिनॅप्स’ हे नाव शेरिंग्टन याने १८९७ मध्ये योजिले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काखाल यांना विभागून मिळाले. स्टॉकहोम येथील आपल्या व्याख्यानात गॉल्जीने न्यूरॉनच्या सिद्धान्तावरच टीका केली. दुसऱ्या दिवशी काखालने त्याच सिद्धान्ताचे समर्थन करणारे पुरावे मांडले. एकाच पद्धतीने केलेल्या नमुन्यांवरून दोन थोर निरीक्षक परस्परविरुद्ध निष्कर्षांवर आले होते. याचे एक कारण असे की, पेशींमधील अंतर सामान्य सूक्ष्मदर्शकाच्या कक्षेबाहेरचे होते. त्यामुळे ‘येथे तंतू संपतो’ आणि ‘येथे रंग संपतो’ या दोहोंतील भेद डोळ्यांनी ठरविणे अशक्य होते. गॉल्जीचा आग्रह केवळ हट्ट म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही.

या वादाचा एक भाग १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन याने निकालात काढला. बेडकाच्या भ्रूणातील मज्जानलिकेचा लहानसा तुकडा त्याने गोठलेल्या लसिकेच्या थेंबात जिवंत ठेविला आणि त्यातील पेशींपासून तंतू बाहेर वाढताना प्रत्यक्ष पाहिले. आसपास माळेत विलीन होणाऱ्या दुसऱ्या पेशी नव्हत्याच. तंतू हा पेशीतूनच निघतो, हे रेमाकचे विधान जवळजवळ सत्तर वर्षांनी अशा रीतीने डोळ्यांपुढे सिद्ध झाले. दुसरा भाग १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निकालात काढला. दोन पेशींच्या पटलांमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते, हे त्यात स्पष्ट दिसले. परंतु त्याच दशकात फर्शपॅन व पॉटर यांना कालव्यातील झिंग्यासारख्या एका प्राण्यात असे संधी आढळले की, जेथे वीज एका पेशीतून दुसरीत थेट जाते. काखालचा सिद्धान्त नियम म्हणून टिकला, पण निसर्गाने अपवादासही जागा ठेविली आहे.

७. पुढील वाटचाल

बेर्नश्टाइनने १९०२ मध्ये मांडलेल्या मतानुसार तंतूचे पटल विश्रांत अवस्थेत केवळ पोटॅशियमच्या आयनांना वाट देते आणि उत्तेजित होताच त्याचा हा विवेक क्षणभर नाहीसा होतो. १९२२ मध्ये अर्लँगर व गॅसर यांनी कॅथोड किरणांच्या आलेखकाने दाखविले की, एकाच चेतेत निरनिराळ्या वेगांचे तंतू असतात. जाड व वेष्टित तंतूंत वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो, तर बारीक व वेष्टनरहित तंतूंत तो एक मीटरच्या आसपास असतो. ठेच लागल्यावर प्रथम तीव्र कळ आणि क्षणभराने मंद ठणका जाणवतो, त्याचे कारण हेच. हेल्महोल्ट्झची संख्या चुकीची नव्हती, ती त्याने योजिलेल्या चेतेतील शीघ्र तंतूंची होती.

१९२६ मध्ये एड्रिअन व झोटरमान यांनी एकाच तंतूतील संदेश टिपले. उत्तेजन कमी-अधिक असले तरी प्रत्येक स्पंदाची उंची सारखीच राहते, बदलते ती स्पंदांची संख्या, हे त्यांतून दिसले. १९३६ मध्ये जे. झेड. यंग याने स्क्विड या सागरी प्राण्यातील सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूकडे लक्ष वेधले. इतक्या जाड तंतूच्या आत विद्युदग्र घालता येते. १९३९ मध्ये हॉजकिन व हक्स्ली यांनी प्लिमथ येथे तसे केले, तेव्हा स्पंदाच्या वेळी आतील विद्युत्‌दाब केवळ शून्यावर येत नाही तर धन होतो, असे आढळले. पटलाचा विवेक नुसता नाहीसा होतो, हे बेर्नश्टाइनचे मत त्यामुळे अपुरे ठरले. सोडियमचे आयन आत शिरतात व नंतर पोटॅशियमचे बाहेर जातात, हा आज मान्य असलेला सिद्धान्त त्यांनी १९५२ मध्ये गणिती स्वरूपात मांडला आणि १९६३ मध्ये एक्लिस याच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

८. समारोप

वरील इतिहासावरून दिसून येते की, नळी, तार आणि पेशी ही तीन मते एकामागून एक आली ती निव्वळ कल्पनेच्या बदलाने नव्हे. पाण्याचा एक थेंब, विचलित होणारी एक सुई, तोडलेली एक चेता आणि काळी पडलेली एक पेशी, यांनी ती बदलली. त्याचबरोबर टाकून दिलेल्या मतांतील ग्राह्य अंशही पुढे उपयोगी पडला. तंतूतून द्रव्य वाहते हे प्राचीनांचे मत संदेशाच्या बाबतीत चुकीचे होते, परंतु पेशीत तयार झालेली प्रथिने अक्षतंतूतून टोकापर्यंत सतत वाहून नेली जातात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. वॉलरने तोडलेला तंतू का मेला, याचे एक कारण या वाहतुकीत सापडते. तिचे यंत्र आणि तिच्या बिघाडातून उद्भवणारे चेतासंस्थेचे रोग हा आजच्या संशोधनाचा विषय आहे. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मूळ प्रयोगांची वर्णने वाचताना निष्कर्षाइतकेच लक्ष पद्धतीकडे द्यावे. काखालने केलेला मोठा बदल नव्या उपकरणाचा नव्हता, तो प्रौढ प्राण्याच्या जागी भ्रूण निवडण्याचा होता.